पंधरा अंगुळे सावली

चित्रातील एखाद्या प्राण्याने आपल्याकडे रोखून पाहावे, आणि त्याच्या दृष्टीची रेषा पानाच्या चौकटीबाहेर पडून कुठल्याशा परक्या गावच्या माळावर जाऊन टेकावी, हे नवल मी प्रथम किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराच्या ‘मॅस्करेड’ या पुस्तकात पाहिले, आणि त्याने घातलेली भूल आजतागायत उतरलेली नाही. सूर्यावर अनुरक्त झालेला चंद्र आपले प्रेमचिन्ह एका सशाबरोबर धाडतो आणि ससा ते वाटेत हरवून बसतो, एवढीच त्यातली कथा. चंद्राशी सशाचे असलेले नाते आपल्यालाही परके नाही. परंतु वाचकांनी पाने भराभर उलटून पुस्तक मिटू नये, चित्रापाशी थांबावे, या तळमळीने त्या चित्रकाराने स्वहस्ते सोन्याचा ससा घडविला, तो मातीच्या पात्रात मोहोरबंद केला आणि 1979 च्या ऑगस्टातील एका रात्री, बॅम्बर गॅस्कॉइन या एकमेव साक्षीदारासमक्ष, इंग्लंडच्या भूमीत पुरून टाकला. जागेचा दस्तऐवज म्हणून लोकांच्या हाती उरली ती पुस्तकातली पंधरा चित्रे.

पुढे किती पत्रे लिहिली गेली आणि किती निरपराध शेतांत फावडी चालली, याचा तपशील मला तितकासा मोलाचा वाटत नाही. मला मोह पडतो तो उकलीच्या रीतीचा. चित्रांतील जिवांच्या डोळ्यांपासून त्यांच्या हातापायांच्या सर्वांत लांब बोटांवरून रेघ ओढीत जावे, म्हणजे ती चौकटीवरील एकेका अक्षराला भिडते. अक्षरांचे शब्द होतात, आद्याक्षरांतून ॲम्प्टहिल या गावाचे नाव वर येते, आणि सगळ्याचा इत्यर्थ असा निघतो की, विषुवदिनी मध्यान्ही कॅथरिनचे लांब बोट ज्या भूमीवर सावली टाकील तिथे खणावे. कॅथरिन म्हणजे आठव्या हेन्रीने टाकलेली पहिली राणी. तिचे काही दिवस याच गावी गेले, आणि तिच्या स्मरणार्थ अठराव्या शतकात तिथल्या उद्यानात एक उंच क्रूस उभारण्यात आला. बोट ते हेच.

हे कोडे खऱ्या अर्थाने सोडविले ते माईक बार्कर आणि जॉन रूसो या दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी. 1982 साली ससा मात्र दुसऱ्याच इसमाच्या हाती लागला, आणि त्याने जागा चित्रांवरून ओळखली नव्हती, तर चित्रकाराच्या पूर्वायुष्याची माहिती असलेल्या कुणाकडून मिळालेल्या सुगाव्यावरून हेरली होती, हे 1988 मध्ये वृत्तपत्राने उघडकीस आणले. त्याच वर्षी सदबीच्या लिलावात त्या सशाला 31,900 पौंड आले. माझ्या हिशेबी ससा त्या शिक्षकांचाच; सावलीची जागा ज्याने विचाराने गाठली, त्याचा हक्क कुदळीच्या हक्काहून वडील आहे.

विषुवदिनीची मध्यान्हछाया म्हटली की मला वाईला असलेले आमचे आजोबा आठवतात. बारा अंगुळांच्या शंकूची त्या क्षणी जेवढी सावली पडते तिला आपल्या ज्योतिर्गणितात पलभा म्हणतात, आणि तीवरून त्या स्थळाचे अक्षांश निघतात. मार्चची एकवीस तारीख आली की आजोबा अंगण सारवून घेत, ओळंब्याने शंकू उभा करीत आणि उन्हात पाटावर बसून राहत. रेल्वेच्या घड्याळात बारा वाजले म्हणून आजीने जेवायला हाक मारली तरी ते उठत नसत, कारण आमच्या गावचा खरा मध्यान्ह त्या घड्याळात पाऊण व्हायला आला म्हणजे होई, आणि त्याआधी सावली आखडत असते, हे त्यांना ठाऊक होते. सावली आखडायची थांबली की ते खडूने खूण करीत: चार अंगुळांना किंचित कमी. दरवर्षी तेवढीच येणार हे माहीत असूनही मोजणीत त्यांनी कधी हयगय केली नाही, आणि मोजून झाल्यावर त्यांच्या मुद्रेवर जे समाधान उमटे ते एखाद्या आप्ताची खुशाली कळल्यासारखे असे. काशीची पलभा पावणेसहाच्या आसपास, नागपूरची साडेचारांहून थोडी वर, ही त्यांना तोंडपाठ. आमच्या घराण्यातले कोण कुठे गेले याची वंशावळ ते बहुधा सावल्यांनीच सांगत.

थोरले मामा शिक्षणासाठी लंडनला गेले तेव्हा आजोबांनी धाडलेल्या पत्रात प्रकृतीच्या चौकशीखाली एवढेच होते: ‘चि. बाळास, विषुवदिनी ऊन पडल्यास मध्यान्ही बारा अंगुळांची काठी रोवून छाया मोजणे आणि कळविणे.’ मामांनी बहुधा एखाद्या उद्यानाच्या हिरवळीवर, लोक पाहत असता, ती काठी रोवली असावी. त्यांचे उत्तर आले ते पंधरा अंगुळांचे. काठीहून सावली लांब! आजोबांनी तो आकडा पंचांगाच्या समासात लिहून ठेवला आणि घरात प्रत्येकाला हाक मारून दाखविला. मुलगा किती दूर गेला हे त्या दिवशी प्रथम आजीच्या ध्यानात आले असावे, कारण कोसांचे आणि मैलांचे आकडे तिने यापूर्वी शांतपणे ऐकले होते. हा आकडा ऐकून ती पदर डोळ्यांना लावून आत गेली, आणि आजोबांनी मामांना परत कधी यायचे ते कळवावे म्हणून त्याच दुपारी दुसरे पत्र घातले.