म्हातारपणाला माफी की पैशाला?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून घरी आलो तर दारात मोटारसायकल उभी. आत खुर्चीवर एक गृहस्थ चहा घेत बसलेले. मला पाहताच उठून "जयभीम सर" म्हणाले. वीस-पंचवीस वर्षांच्या ओळखीत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

बोईसरला आमच्या भागातली एक पतपेढी २०११ साली बुडाली. तिच्या माजी अध्यक्षांचे हे चिरंजीव. अध्यक्षांचे वय आज सत्त्याहत्तर. तेरा वर्षे तारखा चालल्या. शेवटी गुन्हा सिद्ध झाला आणि पाच वर्षांची सजा लागली. तुरुंगात जाऊन त्यांना सहा महिने झालेत. आता घरच्यांनी शिक्षेत माफी मिळावी म्हणून सरकारकडे अर्ज करायचे ठरवले आहे. वृद्धापकाळ, हृदयविकार, साखर अशी कारणे टाईप केलेली. खाली ठेवीदारांच्या सह्यांसाठी रकाने. ठेवीदारांसाठी मी धावपळ केली म्हणून पहिली सही माझी हवी होती.

वाचकहो, सही करायला हात पुढे आलाच नाही असे मी म्हणणार नाही. बी.कॉम. करत असताना संध्याकाळी त्याच पतपेढीत मी पिग्मीची वही लिहीत होतो. जमा-नावे पुस्तकातून नव्हे, या माणसाजवळ बसून शिकलो. माझ्या हातची पहिली कमाई त्यांनीच पाकिटात घालून दिली होती. म्हणूनच २०११ साली पुढे आलेला हिशेब पाहून मी जास्त हादरलो. ज्यांनी कधी कर्ज मागितलेच नाही त्यांच्या नावावर कर्जे. जुने कर्ज नव्या कर्जातून फिटल्याचे दाखवायचे, म्हणजे थकबाकी दिसत नाही. ती वही मला वाचता येत होती, कारण वाचायला त्यांनीच शिकवले होते.

त्या वहीत माझ्या आत्याचेही खाते होते. आत्याचे यजमान तारापूरच्या एम.आय.डी.सी.त डाईंगच्या कारखान्यात होते. ते गेल्यावर फंड-ग्रॅच्युइटीचे एक लाख ऐंशी हजार आले. ते तिने मुदत ठेवीत टाकले. ती आज एकाहत्तर वर्षांची आहे आणि दोन घरची भांडी घासते. तिच्या म्हातारपणाचा अर्ज कोणी कुठल्या कार्यालयात दिलेला नाही.

मी गप्प आहे असे पाहून चिरंजीव म्हणाले, "सर, स्टॅन स्वामींसाठी तुम्ही लोक मोर्चे काढता. म्हाताऱ्या माणसाला जेलमध्ये ठेवू नका म्हणता. मग माझ्या वडिलांना वेगळा न्याय का? तुमचा बुद्ध करुणा सांगतो ना?"

प्रश्न टोचला. टोचायलाच हवा होता. रात्रभर मी त्याच्यावर विचार केला.

फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते. हात थरथरायचे, पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच गेले. डॉ. आनंद तेलतुंबडे यांना तर सत्तरीला टेकले असताना १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, शरण जावे लागले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते जामिनावर बाहेर आले. या दोघांवर गुन्हा सिद्ध झाला होता का? नाही. खटलाच सुरू झालेला नव्हता. आपण मोर्चे काढले ते गुन्हा सिद्ध न होता भोगाव्या लागणाऱ्या तुरुंगाविरुद्ध. हाच नियम मी श्रीमंतालाही लावतो. जेट एअरवेजचे नरेश गोयल कॅनरा बँकेच्या ५३८ कोटींच्या प्रकरणात सप्टेंबर २०२३ मध्ये पकडले गेले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी मुंबईच्या कोर्टात हात जोडून सांगितले की असे जगण्यापेक्षा तुरुंगात मेलेले बरे. मे महिन्यात उच्च न्यायालयाने त्यांना उपचारासाठी जामीन दिला. स्वतःला कर्करोग, पत्नीही त्याच आजाराने अखेरच्या घटका मोजत होती. तो जामीन योग्यच होता. खटला बाकी असलेल्या आजारी म्हाताऱ्याला बाहेर ठेवल्याने न्यायाचे काही बिघडत नाही. दुःख एवढेच की हा न्याय वकिलाच्या फीप्रमाणे मिळतो. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत चारांतले तीन कैदी कच्चे कैदी होते. त्यांत जवळपास पाचातला एक अनुसूचित जातीचा. त्यांच्या आईबापांचे हात कोणत्या कोर्टाने पाहिले?

पण गुन्हा सिद्ध झाल्यावर गोष्ट बदलते. जळगावचे घरकुल प्रकरण आठवा. झोपडपट्टीतल्या गरिबांसाठी घरे बांधण्याची ती योजना. घरे अर्धवट राहिली, पैसा मात्र ठेकेदाराकडे गेला. २००६ साली तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना २०१२ मध्ये अटक झाली, २०१६ मध्ये जामीन मिळाला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटींचा दंड झाला. तेव्हा त्यांचे वय ७६ होते. त्यांनी उच्च न्यायालयात अपील केले आणि २०२२ मध्ये त्यांना जामीन मिळाला. अपील हा त्यांचा हक्क आहे, त्याबद्दल माझे म्हणणे नाही. मी फक्त वर्षे मोजतो. फिर्याद ते निकाल, तेरा वर्षे. आमच्या पतपेढीचीही तेरा वर्षे. म्हणजे गुन्हा साठीच्या आतबाहेर करायचा, तारखा घेत पंच्याहत्तरी गाठायची आणि मग म्हणायचे, आता मी म्हातारा झालो! पाकीटमाराला ही सवलत मिळत नाही. तो विशीत पकडला जातो आणि विशीतच भोगतो.

आणखी एक गोष्ट. अध्यक्षांच्या पांढऱ्या केसांकडे पाहूनच लोकांनी पैसे ठेवले होते. "वडीलधारा माणूस आहे, बुडवणार नाही," असे आत्याच म्हणाली होती. ज्या पांढऱ्या केसांवर पैसा गोळा झाला, तेच केस आता शिक्षेतून सुटण्यासाठी पुढे करायचे?

आता करुणेचे. आपण सर्वांनी अंगुलिमालाची कथा ऐकली आहे. भगवंतांनी त्याला संघात घेतले, राजा प्रसेनजितानेही त्याला धरले नाही. पण त्याआधी त्याने शस्त्र फेकून दिले होते. पुढे भिक्षेला गेल्यावर लोकांच्या दगडांनी त्याचे डोके फुटले, तेव्हा भगवंतांनी त्याला ते सोसायला सांगितले. आमच्या अध्यक्षांचे शस्त्र कुठे आहे? पालघर रस्त्यावरचे दोन गाळे सुनेच्या नावावर आहेत, ते तसेच आहेत. अर्जात आजारांची यादी आहे, पण पैसे परत देण्याबद्दल एक ओळ नाही.

शिक्षा माणूस पाहून ठरवायची ही मनूची रीत. त्या पुस्तकाचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. बाबासाहेबांच्या संविधानाने सर्वांना एक कायदा दिला. जातीच्या जागी पैसा आणि प्रतिष्ठा बसवून जुनी रीत परत येत असेल तर आपण तिला सही द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिरंजीवांच्या घरी गेलो. म्हणालो, "माफीच्या अर्जावर सही करणार नाही. पण दुसरा कागद मी स्वतः लिहून देतो. त्यांना औषध वेळेवर मिळावे, खाली बसता येत नाही म्हणून कमोड मिळावा, छातीत दुखले तर तासाभरात दवाखान्यात न्यावे. त्यावर पहिली सही माझी. आणि तुम्ही गाळे विकून ठेवी वाटा, मग माफीचा अर्ज घेऊन या. मी दारोदार हिंडेन." त्यांनी अर्जाची घडी केली आणि दार लावून घेतले.

घरी येऊन आत्याला सांगितले. वाटले, ती म्हणेल बरे केलेस. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, त्यो तुरुंगात बसला म्हनून माझं पैसं येनार न्हाईत, ठावं हाय मला. पन त्यो घरी आला आन् मी भांडी घासत ऱ्हायले, तर लोक म्हनतील काय झालंच न्हवतं." आणि जाता जाता विचारले, "तुझ्या त्या औषधाच्या कागदावर माझा आंगठा चालंल का?"

तो कागद आत्याच्या अंगठ्यासह मी तुरुंग अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवला.

मायबहिणींनो, शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतपेढीतल्या ठेवीला तो विमा नाही. फंडाचा पैसा कुठे ठेवायचा हे ठरवताना समोरच्याचे केस पाहू नका, कागद पाहा. वाचता येत नसेल तर वस्तीतल्या शिकल्या पोराला बोलवा. आपली पोरे त्यासाठीच शिकवली आहेत.

जयभीम!