पहिला खर्डा आणि पुढचा संसार

लेखनाच्या आनंदाविषयी आपल्या साहित्यिकांनी विपुल लिहिले आहे. परंतु लिहून झालेले पुन्हा लिहिण्याच्या कंटाळ्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. त्यातही लेखन प्रेमकथेचे असेल तर हा कंटाळा अधिकच बोचरा होतो. ज्या वाक्याने पहिल्या दिवशी आपलेच डोळे पाणावले, तेच वाक्य दहाव्या वाचनात शिळ्या भातासारखे थंडगार लागते. नायक-नायिकेची पहिली भेट आपल्याला तोंडपाठ झालेली असते, आणि त्या दोघांची ओढ कायम असली तरी आपली ओढ मात्र आटू लागते. अशा वेळी हस्तलिखित माळ्यावर टाकून मोकळे व्हावे, असा मोह कोणाला होत नाही?

आम्हांलाही तो अनेकदा झाला. आमच्या कादंबरीची बावीस प्रकरणे लिहून झाल्यास आता तीन वर्षे होतील. वसईच्या वाड्यांतील साठच्या दशकातली ही कथा. पहाटेच्या गाडीने दादरच्या बाजारात फुलांच्या टोपल्या नेणारा एक तरुण आणि शेजारच्या गावातली एक मुलगी, एवढाच तिचा ऐवज. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठविताना 'एक तृतीयांश मजकूर कमी करावा' असे कळविले. सल्ला रास्तच होता; परंतु तीनशे चाळीस पानांतून शंभरावर पाने वगळणे म्हणजे स्वतः लावलेल्या बागेतली केळ स्वतःच्याच कोयत्याने तोडणे. कोयता उचलण्याचे बळ रोज कोठून आणावे, हाच आमच्यापुढला प्रश्न होता. त्यावर आम्ही जे उपाय योजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिला उपाय विश्रांतीचा. हस्तलिखित कापडात बांधून आम्ही चाळीस दिवस पेटीत ठेवले. त्या काळात वाडीत काम केले, सोयऱ्यांकडे जाऊन आलो. कादंबरीचे नावही काढले नाही. गाठोडे सोडले तेव्हा अक्षर आमचे असूनही मजकूर परक्याचा वाटला, आणि परक्याचा मजकूर सुधारण्यात मनुष्याला उपजतच उत्साह असतो!

दुसरा उपाय कामाच्या वाटणीचा. 'कादंबरी सुधारावयाची आहे' असे म्हटले की छातीत धडकी भरते. 'आज फक्त संवाद पाहावयाचे आहेत' असे म्हटले की काम हातात मावते. एका फेरीत केवळ संवाद, दुसरीत केवळ ऋतू आणि वेळा, तिसरीत केवळ विशेषणे, अशी विभागणी आम्ही केली. प्रत्येक फेरीस शाईचा रंग निराळा. हिरव्या शाईने विशेषणे खोडता खोडता एके दिवशी एकाच पानावर सतरा हिरव्या रेघा उठल्या, आणि त्या पानाला पालवी फुटल्यासारखे वाटून हसूच आले. कंटाळ्याला हसू आले की तो अर्धा मेला असे समजावे.

तिसरा उपाय वगळलेल्या मजकुराच्या सांत्वनाचा. काढून टाकलेला एकही परिच्छेद आम्ही फाडला नाही. बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात ती सारी कात्रणे सांभाळून ठेवली आहेत. त्यांतले क्वचितच काही परत कादंबरीत गेले. परंतु डबा जवळ असल्यामुळे कात्री चालविताना हात कापत नाही.

चौथा उपाय पत्रांचा. नायक-नायिका आम्हांलाच निर्जीव भासू लागली, तेव्हा आम्ही नायिकेकडून नायकाला एक पत्र लिहविले. ते कादंबरीत यावयाचे नव्हते, त्यामुळे त्यात नटणे-सजणे नव्हते. त्या पत्रात तिने भावाच्या आजारपणाचा आणि घरच्या कर्जाचा विषय काढला. प्रेमाचा शब्दही लिहिला नाही. तरीही ते प्रेमपत्रच होते. ते लिहिल्यावर ती पुन्हा जिवंत झाली आणि पुढची तीन प्रकरणे आम्ही आठवड्याभरात उलगडली.

थोरामोठ्यांच्या खर्ड्यांची आठवणही मरगळलेल्या मनाला उभारी देते. जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेने 'पर्स्युएशन' कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याच्या शेवटी 18 जुलै 1816 हा दिनांक घातला. परंतु ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांचे पुनर्मीलन तिला फिके वाटले. तिच्या पुतण्याने लिहिलेल्या चरित्रात म्हटले आहे की त्या रात्री ती खिन्न मनाने निजली आणि सकाळी नव्या उमेदीने उठली. तिने तो प्रसंग बाजूला सारला आणि 6 ऑगस्टपर्यंत नवा शेवट सिद्ध केला. नव्या प्रसंगात नायक समोरासमोर काही बोलत नाही. भरल्या खोलीत बसून तो नायिकेला पत्र लिहितो. वाचकांनी हृदयाशी धरले आहे ते हेच पत्र. लेखिकेची प्रकृती त्या काळी ढासळू लागली होती. पहिल्या खर्ड्यावरील दिनांकानंतर बरोबर एका वर्षाने, 18 जुलै 1817 रोजी तिचे निधन झाले. त्या थकव्यातही तिने 'चालेल' म्हटले नाही. वगळलेली ती हस्तलिखित प्रकरणे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत. तिची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी तर 1797 मध्ये प्रथम लिहून पूर्ण झाली आणि बऱ्याच फेरफारानंतर 1813 मध्ये प्रकाशित झाली.

दुसरे उदाहरण हेमिंग्वेचे. 'अ फेअरवेल टू आर्म्स' या 1929 च्या कादंबरीचे शेवटचे पान आपण एकोणचाळीस वेळा लिहिले, असे त्याने 1958 साली एका मुलाखतीत सांगितले. 2012 मध्ये निघालेल्या आवृत्तीत तर त्या शेवटाचे सत्तेचाळीस पर्याय छापले आहेत. आमच्या चौथ्या खर्ड्याची आम्हांला लाज वाटत असे. हा आकडा वाचल्यापासून ती वाटेनाशी झाली.

परंतु ज्या उपायाने आम्हांला खऱ्या अर्थाने तगविले तो सर्वांत साधा: मोठ्याने वाचून दाखविणे. आमच्या सौ.ची दृष्टी मधुमेहामुळे मंदावली आहे. छापील अक्षर त्यांना आता दिसत नाही. जपमाळेची प्रार्थना आटोपली की त्या भिजविलेले वाल सोलावयास बसतात आणि आम्ही एक प्रकरण वाचतो. सोललेला वाल पातेल्यात पडल्याचा बारीक आवाज चालू असेल तर कथा बरी चालली आहे, एवढेच समजावे. आवाज थांबला म्हणजे कथेने त्यांचा हात धरला. आणि आवाज वेगाने होऊ लागला तर ते पान निःशंकपणे खोडावे! याहून प्रामाणिक समीक्षक आम्हांला लाभलेला नाही.

एके सायंकाळी नायिका विहिरीवरून पाणी आणून अंगणात उभी राहते आणि चंद्राकडे पाहत नायकाची आठवण काढते, असा प्रसंग वाचला. सौ. म्हणाल्या, "अहो, दोन हंडे पाणी ओढून आलेली मुलगी चंद्राकडे पाहील, की आधी हाताचे तळवे पदराला पुसेल?" चंद्राचा अख्खा परिच्छेद त्याच रात्री डब्यात गेला. त्याच्या जागी दोराने लाल झालेल्या तळव्यांचे एकच वाक्य आले. दुसऱ्या दिवशी ते वाचले तेव्हा पातेल्यातला आवाज बराच वेळ थांबला होता.

तेव्हापासून उत्साहाचा शोध आम्ही सोडून दिला आहे. या कथेतल्या विहिरी, ते दोर, ती पहाटेची गाडी ज्यांनी अनुभवली, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. त्यांच्यातील एक व्यक्ती आमच्यासमोर बसून ऐकते आहे, आणि तिचे कान शाबूत असेतोवर शेवटचे प्रकरण तिच्यापर्यंत नीट पोहोचावे, ही इच्छा शाईच्या सर्व रंगांहून बलवत्तर ठरली. चौदा प्रकरणे झाली आहेत. आठ उरली आहेत.

आम्हांला वाटते, पहिला खर्डा हा वाङ्निश्चयाच्या दिवसांसारखा असतो. त्यात सारेच गोड दिसते. संपादन म्हणजे पुढचा संसार. त्यात दररोज नवा मोहर नसतो. तीच माणसे, तीच वाक्ये, तीच भांडी पुन्हा पुन्हा घासावी लागतात. परंतु प्रेम खरे होते की नाही, हे तेथेच कळते. ज्या वाचकांच्या कपाटात एखादे अर्धवट हस्तलिखित धूळ खात पडले असेल, त्यांनी आज ते काढून केवळ एकच पान वाचावे. आणि शक्य असल्यास, घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावे.