एक गोल आणि चौऱ्याऐंशी मिनिटं

आयर्लंडला जाऊन आलेला माणूस समुद्राकाठचे कडे, मेंढ्या आणि हिरवळ यांच्याबद्दल भरभरून बोलतो. हिरवळीचं मला फारसं अप्रूप वाटलं नाही. भाद्रपदात भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की धानाच्या बांध्या इतक्या हिरव्या असतात की डोळे निवतात. पाऊसही तिथला भुरभुरा, छत्री उघडेपर्यंत संपणारा. जूनमध्ये रात्री दहाला लख्ख उजेड बघून मात्र सुरुवातीला झोपेचं खोबरं झालं. पण मी खरं तोंडात बोट घातलं ते एका फुटबॉल सामन्याच्या गोष्टीवरून. सामना 1988 सालचा. आयर्लंडच्या भूमीवर न झालेला. आणि ज्या स्पर्धेत तो झाला, तिच्यात आयर्लंड उपांत्य फेरीपर्यंतही पोचलं नव्हतं!

भाचा डब्लिनला संगणकाच्या कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामाजी, दारू नका पिऊ, पण पब पाहिल्याशिवाय परत जाऊ नका. इथली पानटपरी, चावडी आणि मंगल कार्यालय, सगळं तेच." लॅन्सडाऊन रोडचं स्टेडियम लोकलच्या रुळांना खेटून आहे, शेजारून डॉडर नावाची लहानशी नदी वाहते. तिथून जवळच्याच एका पबात आम्ही शिरलो. मी भीतभीतच चहा मागितला आणि तो मुकाट्यानं मिळालाही. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक हिरवा शर्ट टांगलेला होता, मळका, जसाच्या तसा. शेजारच्या टेबलावर सत्तरीला टेकलेले चौघे बसले होते. भाच्यानं मला कोपरानं ढोसलं आणि त्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "स्टुटगार्टला कोण कोण होतं?"

झालं. एकानं ताबडतोब आपला ग्लास बाजूला सरकवला आणि टेबल मोकळं केलं. ग्लासाखाली ठेवायच्या जाड कागदाच्या चकत्या असतात, त्या त्यानं पत्ते मांडावेत तशा मांडल्या. मिठाची डबी म्हणजे इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन, व्हिनेगरची बाटली म्हणजे केनी सॅन्सम. 12 जून 1988, रविवार, युरोपीय स्पर्धेतला सामना, नेकार स्टेडियम, सहावं मिनिट. केविन मोरननं फ्री किक लांब भिरकावली, ती टोनी गॅल्विनकडे आली, त्यानं चेंडू गोलपुढे टाकला. सॅन्समनं तो दूर मारायला पाय उचलला आणि चेंडू भलताच उडाला, सरळ वर. इथे म्हाताऱ्यानं एक चकती खरोखरच हवेत उडवली आणि ती खाली यायच्या आत दुसऱ्याच्या तोंडून निघालं, "ऑल्ड्रिज!" जॉन ऑल्ड्रिजनं डोक्यानं चेंडू बाजूला ढकलला आणि रे हॉटन, उंचीनं बेताचा, हेडरसाठी मुळीच नावाजलेला नसलेला गडी, त्यानं डोक्यानंच तो शिल्टनच्या वरून जाळ्यात घातला. मिठाची डबी आडवी झाली. चौघांनी अशा मुद्रेनं एकमेकांकडे पाहिलं की जणू गोल आत्ताच झाला.

मला वाटलं, आता विजयाचं वर्णन येणार. कसचं काय! गोलाची गोष्ट दोन मिनिटांत संपली. पुढचा अर्धा तास ते बोलत होते त्यानंतरच्या चौऱ्याऐंशी मिनिटांबद्दल. इंग्लंडकडे लिनेकर, बिअर्ड्सली, बार्न्स, वॉडल. उत्तरार्धात ग्लेन हॉडलही मैदानात उतरला. चेंडू पुन्हा पुन्हा आयर्लंडच्या गोलवर येई आणि डोनेगलचा पॅकी बॉनर कधी हातानं, कधी पायानं, कधी निव्वळ नशिबानं तो अडवी. एकानं सांगितलं की त्या दिवशी त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून बायकोच्या पर्समध्ये टाकलं, कारण काटा पुढे सरकतच नव्हता. दुसरा म्हणाला, आमच्या घरात रोझरीची माळ होती, ती आईच्या हातात होती, आणि आईला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जिंकल्याचा आनंद त्यांनी एका वाक्यात उरकला. हरण्याची धास्ती मात्र मिनिटामिनिटानं सांगितली.

मी विचारलं, "मग त्या वर्षी कप कुणी जिंकला?"

चौघं क्षणभर थांबले. एक म्हणाला, "हॉलंडनं वाटतं," आणि परत बॉनरकडे वळला.

आपण 1983 आठवतो ते लॉर्ड्सच्या गच्चीत कपिल देवच्या हातात कप होता म्हणून. इथे कप नाही, पदक नाही. पुढच्या सामन्यात रशियाशी, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाशी, 1-1 अशी बरोबरी. रॉनी व्हेलननं हवेत झेपावून मारलेला तो गोलही चौघांना तोंडपाठ. त्यानंतर गेल्सनकिर्खेनला हॉलंडशी गाठ पडली. बरोबरी झाली असती तरी उपांत्य फेरी गाठता आली असती, पण 82 व्या मिनिटाला किफ्टनं गोल केला आणि आयर्लंड घरी आलं. घरी आलं तर डब्लिनचे रस्ते माणसांनी फुलून गेलेले. स्पर्धेतून बाहेर पडलेल्या संघाची अशी मिरवणूक मी तरी ऐकली नव्हती. क्रिस्टी मूर या गायकानं त्या सफरीवर गाणं रचलं, 'जॉक्सर गोज टू स्टुटगार्ट'. ते आजही पबात लावलं की अख्खी खोली त्यात सामील होते, याचा अनुभव मी त्याच रात्री घेतला.

हे असं काहून, याचा उलगडा हळूहळू झाला. 1986 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत आपले भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली मिळून जेवढे भरतात, साधारण तेवढीच. या आपल्या झाडीपट्टीएवढ्या देशानं त्याआधी एकाही मोठ्या फुटबॉल स्पर्धेत धडक मारली नव्हती. पात्र ठरले तेही दुसऱ्याच्या पायानं. नोव्हेंबर 1987 मध्ये सोफियात बल्गेरियाला नुसती बरोबरी पुरली असती, पण स्कॉटलंडच्या गॅरी मॅकेनं शेवटच्या काही मिनिटांत गोल मारला आणि आयर्लंडचं तिकीट निघालं. आयर्लंडमध्ये या स्कॉटिश खेळाडूचं नाव अजून कुलदैवतासारखं घेतात.

आणि पहिलाच सामना कुणाशी, तर इंग्लंडशी. ज्यांनी कित्येक शतकं राज्य केलं, त्यांच्याशी. त्यात गंमत अशी की आयर्लंडचा प्रशिक्षकच इंग्रज! जॅक चार्ल्टन, कोळसा खाणींच्या ॲशिंग्टन गावचा, 1966 साली इंग्लंडनं विश्वचषक जिंकला त्या संघातला. 1986 मध्ये तो आला तेव्हा कपाळाला आठ्या घालणारे पुष्कळ होते. नंतर याच माणसाला आयर्लंडनं मानद नागरिकत्व दिलं, कॉर्कच्या विमानतळावर त्याचा गळ टाकून बसलेला पुतळा उभारला, आणि जुलै 2020 मध्ये तो गेला तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस गेल्यासारखे लोक हळहळले.

संघही असाच. स्टुटगार्टला उतरलेल्या अकरांपैकी निम्म्याहून जास्त खेळाडूंचा जन्म आयर्लंडबाहेरचा. हॉटन ग्लासगोचा, ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, कर्णधारपद पुढे भूषवलेला मिक मॅकार्थी बार्न्सलीचा. आई, बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंडमध्ये जन्मलेलं असलं की खेळाडूला हिरवा शर्ट घालता येई. चार्ल्टननं इंग्लंड-स्कॉटलंडच्या क्लबांतून असे नातू हुडकून काढले. इंग्रज वर्तमानपत्रं त्यावर हसली. म्हातारा मला म्हणाला, "आमचे लोक पोटासाठी तिकडे गेले, तिथेच त्यांना पोरं झाली. पोरं आमचीच. आम्ही फक्त परत मागून घेतली."

याच ठिकाणी मला त्या आठवणींतली मेख कळली. एकही जण गोल कसा होता यावर वाद घालत नव्हता. तू कुठे होतास, हा एकच प्रश्न फिरत होता. एक लंडनच्या किलबर्नमध्ये बांधकामावर मजूर होता, त्यानं सामना पबात उभ्यानं पाहिला. एक म्युनिकला विटा रचत होता, तो आगगाडीनं स्टुटगार्टला पोचला. तिसऱ्यानं स्वयंपाकघर दुरुस्त करायचं म्हणून पतपेढीकडून कर्ज काढलं आणि जर्मनीला गेला. स्वयंपाकघर चार वर्षं तसंच होतं, बायकोनं ते अजून विसरू दिलेलं नाही. चौथा तेवढा मायदेशी होता, कारण त्याला नोकरी होती आणि रजा नव्हती. ऐंशीच्या दशकातल्या त्या आयर्लंडमध्ये दर सहा कामकऱ्यांतला एक बेकार होता आणि दर वर्षी हजारो तरुण बोटीनं, विमानानं बाहेर पडत. सामना परदेशात झाला म्हणतात, पण देशाची एक पिढीच परदेशात होती. त्या दीड तासात सगळ्यांची हजेरी लागली. म्हणून कप कुणी जिंकला याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

आपल्याकडे असं बोलणं मी ऐकलंय ते फक्त शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचं. धान निघालं की साकोली-लाखनीकडच्या गावांत पट भरतो, जावई-पाहुणे येतात, पोरं पुण्याहून-हैदराबादहून सुट्टी काढून येतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं. मग वीस वर्षांनीही माणसं अमक्याची जोडी कशी सुटली, धुरकरी कसा पडता पडता वाचला, हे सेकंदाच्या हिशेबानं सांगतात. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पट थांबले, ते डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळेपर्यंत. त्या वर्षांत आमच्याकडच्या जोड्या फक्त गोष्टींत धावल्या, आणि तिथे त्या जरा जास्तच वेगानं धावल्या. भाच्यानं हे सगळं चौघांना इंग्रजीत समजावलं. एकानं गंभीरपणे विचारलं, "बैलांना ऑफसाइड असतं का?"

मग ओघानं 1994 आलं. 18 जून, न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम, विश्वचषकाचा सामना, समोर इटली. न्यूयॉर्कच्या आसपास इटालियनांची केवढी वस्ती. पण गॅलरीत बघावं तिकडे हिरवं. अकराव्या मिनिटाला पुन्हा तोच रे हॉटन! डाव्या पायानं लांबून उचललेला चेंडू गोलरक्षक पाल्युकाच्या डोक्यावरून आत गेला. बाकी सगळा वेळ पॉल मॅकग्रा एकटा भिंतीसारखा रॉबर्टो बाजिओपुढे उभा. गुडघ्यांवर किती शस्त्रक्रिया झालेला हा गडी, नायजेरियन बापाचा, डब्लिनच्या अनाथालयांत वाढलेला. त्याचं नाव निघालं की चौघांचा आवाज मऊ होत होता. पुन्हा 1-0. पुन्हा तीच ऐंशी मिनिटांची घालमेल.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळून कुणीही पुढे गेलं नाही. त्याच संध्याकाळी उत्तर आयर्लंडमधल्या लॉकिनआयलंड नावाच्या खेड्यात लोक पबात हाच सामना बघत बसले होते. ब्रिटनशी एकनिष्ठ म्हणवणाऱ्या यूव्हीएफ संघटनेचे बंदूकधारी आत शिरले आणि त्यांनी पाठमोऱ्या माणसांवर गोळ्या झाडल्या. सहा जण गेले. त्यांतले सगळ्यात वडील 87 वर्षांचे होते. 2012 मध्ये पोझनानला, बरोबर 18 जूनलाच, आयर्लंडची इटलीशी गाठ पडली तेव्हा खेळाडू दंडाला काळी फीत बांधून उतरले. "अमेरिकेत जिंकलो ती रात्र," म्हाताऱ्यानं सांगितलं, "आम्ही पहाटेपर्यंत नाचलो. सकाळी बातमी कळली." हजेरीपटात ती सहा नावंही हे लोक धरतात.

उठता उठता त्यांनी मला विचारलं, तू भारतात नेमका कुठला? महाराष्ट्र म्हटल्यावर एकाचा चेहरा उजळला, "म्हणजे लिओचा!" लिओ वराडकर, 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झालेले. त्यांचे वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड; 2019 च्या अखेरीस लिओ त्या गावी येऊनही गेले होते. मी सांगितलं की वराड आमच्या भंडाऱ्यापासून जवळपास हजार किलोमीटर लांब आहे. त्यांना काही फरक पडला नाही. बापाचं गाव ते गाव.

भाच्याचा मुलगा नऊ वर्षांचा, जन्म डब्लिनचा, अंगात हिरवा शर्ट, गोलरक्षक व्हायचं म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला आजीचा नियम सांगितला, म्हणजे आजीचं गाव भारतात असेल तर जागतिक संघटनेच्या नियमानं तो भारताकडूनही खेळू शकेल. भाच्यानं लगेच पाणी ओतलं, "नाही मामाजी, भारताचा पासपोर्ट असल्याशिवाय आपल्याकडे खेळता येत नाही." तेवढ्यात साकोलीहून ताईचा, म्हणजे या पोराच्या आजीचा, व्हिडिओ कॉल आला. तिला सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, "आजीचं गाव चालते ना तिथं? मंग सांगून ठेवा त्यायले, साकोली, जिल्हा भंडारा. आन् पोट्ट्याले म्हणा, पयले नीट जेव बाप्पा, गोल बाकी मंग अडव."