साहेबाला 'तू' म्हणताना

'तू' या एका अक्षरानं आपल्या माणसांचा जेवढा पाणउतारा केलाय तेवढा शिव्यांनीही केला नसेल. शिवी निदान रागात येते. 'तू' सहज येतो, पान खाऊन पिंक टाकावी तसा. म्हशाच्या यात्रेत माझ्या आज्याला, साठीच्या माणसाला, मिसरूड न फुटलेलं व्यापाऱ्याचं पोर 'ए, इकडं ये रं' म्हणायचं. आजा त्याला 'शेठ' म्हणायचा. पौष पौर्णिमेची ही यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. बैलाची किंमत दात बघून ठरते. माणसाची 'तू' आणि 'तुम्ही'वरनं ठरायची. आजा पूर्वी यात्रेत मेलेली जनावरं ओढायचा. १९५६ नंतर त्यानं दोर टाकून दिला. पण तो 'ए' काही सुटला नाही.

हे आधी सांगायचं कारण, मी फ्रान्सबद्दल लिहायला बसलोय आणि दोस्तांना वाटतंय आता हा आयफेल टॉवर सांगणार. टॉवर पाहिला. लोखंड आहे. सांगायचंय ते वेगळंच.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी ल्यों शहरातल्या एका प्रयोगशाळेत इंटर्न म्हणून लागलो. तिकडच्या दोन वर्षांच्या मास्टर डिग्रीचं शेवटचं सत्र म्हणजे हे सहा महिन्यांचं काम. त्याला 'स्ताज' म्हणतात. माझं काम सांडपाणी तपासायचं. शहराच्या गटारांचं पाणी शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथनं बाटल्या भरून आणायच्या, वीस अंशांवर पाच दिवस अंधारात ठेवायच्या आणि ती घाण कुजवायला जंतूंनी किती प्राणवायू खाल्ला ते मोजायचं.

फोनवर आईला सांगितलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हंजे गटाराचं पानी? आरं, येवढा शिकून इमानात बसून गेलास, नि परत घानीतच हात घातलास?"

आईचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्याकडं गटारात कोण उतरतं ते कुणाला सांगायला नको. मैला हातानं उपसायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला. तरी पोरं गुदमरून मरतातच, आणि मेलेल्यांची आडनावं वाचली की जात वेगळी विचारावी लागत नाही.

मी तिला एवढंच सांगितलं की इथं बाटल्या भरायला पाळ्या आहेत. एका आठवड्यात मी, एका आठवड्यात आमची मोठी बाई. ती पिकल्या केसांची शास्त्रज्ञ, प्रयोगशाळेची प्रमुख, गुडघ्यापर्यंत बूट चढवून टाकीवर वाकते. कामाला लागण्याआधी डॉक्टरनं मला तपासलं, लस टोचली. गटारात उतरून काम करणाऱ्या तिथल्या पालिका कामगारांना इतरांच्या आधी पेन्शन मिळते, कारण हे काम आयुष्य खातं असं सरकारनंच कागदावर मान्य केलंय. घाण तीच आहे. पण तिच्यात हात घालणारा जन्मानं ठरलेला नाही. आई ऐकून म्हणाली, "मंग ठीक हाय. हात धुतोस ना?"

ही मोठी बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, मला 'त्यू' म्हणायचं आणि नावानं हाक मारायची. फ्रेंचमध्ये 'त्यू' म्हणजे तू, 'व्हू' म्हणजे तुम्ही. च्यायला, साहेबाला तू! दोन आठवडे माझी जीभ वळेना. मी वाक्यंच अशी जुळवायचो की त्यात 'तू'ही येऊ नये आणि 'तुम्ही'ही येऊ नये. ज्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या 'जी शेठ' म्हटलंय त्यांनाच कळेल, एक सर्वनाम किती जड असतं ते. तिसऱ्या आठवड्यात 'तुझी बाटली फुटलीय' असं पटकन तोंडातनं गेलं. ती हसली, फरशी पुसू लागली. आभाळ कोसळलं नाही.

आता पैशाचं. ते स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण आपल्यातल्या कितीतरी पोरांना इंटर्नशिप म्हणजे फुकट राबणं एवढंच माहीत आहे. तिथं विद्यापीठ, कंपनी आणि विद्यार्थी अशा तिघांच्या सहीचा करार असतो. काम काय, तास किती, बघणार कोण, सगळं त्यात लिहिलेलं. आठवड्याला पस्तीस तास. दोन महिन्यांहून जास्त काम असेल तर पैसे देणं सक्तीचं. २०२४ साली तासाला कमीत कमी ४.३५ युरो हा दर होता. महिन्याला बावीस दिवस धरले तर साधारण ६७० युरो होतात. त्यातनं खोलीचे ३२०. विद्यार्थ्यांच्या खाणावळीत पूर्ण जेवण तेव्हा ३.३० युरोला मिळायचं, आणि अडचणीतल्या विद्यार्थ्याला अर्ज केल्यावर एक युरोत. मी अर्ज केला. लाज कसली? रविवारी गियोतिएर भागातल्या दुकानातनं तांदळाचं पीठ आणायचो. आपल्या भाकरीसारखी ती थापली जात नाही, तुटते. तुटकी खायची.

पण हे ४.३५ युरो सरकारच्या दयेनं आलेले नाहीत. २००५ साली पॅरिसमध्ये इंटर्न मुलंमुली तोंडावर पांढरे मुखवटे चढवून रस्त्यावर उतरली. आम्हाला चेहरा नाही, नाव नाही, आम्ही फुकटचे हात आहोत, हा त्या मुखवट्यांचा अर्थ. २००६ साली कायद्यात पैसे देण्याचं कलम आलं, पण तीन महिन्यांच्या वरच्या कामाला. २००९ साली ते दोन महिन्यांवर आलं. २०१४ साली आणखी एक कायदा होऊन रजा, जेवणाची कुपनं असले हक्क जोडले गेले. एकेक पायरी भांडून घेतलेली.

आपल्याकडं काय? 'शिकतोयस ना, मग पैसे कसले?' हे वाक्य मी मुंबईत तीन ठिकाणी ऐकलं. नावं घेत नाही. फुकट शिकायला कुणाला परवडतं? ज्याच्या बापाचा दादरला ब्लॉक आहे त्याला. म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, कल्याणहून लोकल असा रोजचा खर्च करून फुकट राबणं आपल्या पोराला परवडत नाही. म्हणजे अनुभव त्यांच्या पोरांकडं जमा होतो आणि पुढं मुलाखतीत विचारतात, अनुभव काय? वेठ म्हणतात ती हीच. महारकीचं वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं, वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं गेली. ही नवी वेठ टाय घालून आलीय.

खोली शोधताना मात्र भारत भेटला. ल्योंमधल्या आपल्याच मराठी मुलांच्या फ्लॅटमध्ये एक जागा होती. फोनवर गोड बोलणं झालं. मग 'गाव कुठलं', मग 'आडनाव काय', मग 'तसं नाही, पण आम्ही प्युअर व्हेज आहोत'. पुढं फोन उचललाच नाही. सात हजार किलोमीटर विमानानं आलो, जात हँडलगेजमधनं आली. बाबासाहेब परदेशी शिक्षण घेऊन १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा त्यांना पारशी नाव घेऊन पारश्यांच्या उतारघरात राहावं लागलं, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. शंभर वर्षांत काठी गेली, 'प्युअर व्हेज' आलं.

शेवटी खोली मिळाली व्हेनिस्यूला, ल्योंच्या वेशीबाहेर, एका अल्जिरियन म्हातारीकडं. तिचा नवरा तिथल्या बर्लिए ट्रक कारखान्यात राबून गेला. मी बोंबील तळले तेव्हा तिनं खिडकी उघडली आणि ताट पुढं केलं. जातीचं तिला काही ठाऊक नाही. पण वस्तीचं ठाऊक आहे. याच व्हेनिस्यूच्या मँगेत वस्तीत १९८३ च्या जूनमध्ये पोलिसांच्या गोळीनं एक तरुण जखमी झाला. तुमी जाईजा त्याचं नाव. दवाखान्यातनं उठून त्यानं सूड घेतला नाही, लाँग मार्च काढायचं ठरवलं. १५ ऑक्टोबर १९८३ ला मार्सेय शहरातनं मूठभर माणसं समतेसाठी चालत निघाली, ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये पोचली तेव्हा लाखभर होती. पुढच्या वर्षी परदेशी रहिवाशांना दहा वर्षांचं कार्ड मिळालं. म्हातारी हे सांगत होती आणि मला १९७९ चा नागपूर-औरंगाबाद लाँग मार्च आठवत होता, बापाकडनं ऐकलेला.

तिचा मुलगा म्हणायचा, अर्जावर अरबी नाव आणि व्हेनिस्यूचा पत्ता दिसला की उत्तर येत नाही. इथं एक गंमत ध्यानात घ्या. ज्या २००६ च्या कायद्यानं इंटर्नला पैसे दिले, त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांनी नोकरीचे अर्ज नाव झाकून वाचावेत. पहिलं कलम चाललं. दुसऱ्याचे नियमच निघाले नाहीत, आणि २०१५ साली ते ऐच्छिक करून टाकलं. का? मला वाटतं, पहिल्यामागं गोऱ्या मध्यमवर्गाची पोरंही उभी होती. दुसऱ्यामागं फक्त वस्ती होती.

आणि तिथं मोजणीही नाही. १९७८ च्या कायद्यानं माणसाचा वंश नोंदवायला, मोजक्या अपवादांखेरीज, बंदी आहे. ऐकायला छान वाटतं. आडनाव न विचारणारा देश! पण किती अर्ज कुणाचे फेटाळले ते मग सांगायचं कशावरनं? आपल्याकडं 'जात विचारू नका, मोजू नका' म्हणणारे उदारमतवादी भेटतात तेव्हा मला व्हेनिस्यू आठवतं. जनगणनेतली सगळ्या जातींची आकडेवारी १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही. २०२५ साली केंद्रानं ती पुढच्या जनगणनेत घ्यायचं जाहीर केलंय. त्यावर लक्ष ठेवा.

'तू'ची गोष्टही एवढी सरळ निघाली नाही. पाचव्या दिवसाचं मोजमाप घ्यायला मी पहाटे जायचो. तेव्हा ठेकेदाराकडची एक आफ्रिकन बाई फरशी पुसत असायची. आठच्या आत ती निघून जायची. आमच्यात सगळे एकमेकांना 'त्यू'. तिला मात्र सगळे 'व्हू, मादाम'. अगदी अदबीनं. पण तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. म्हशात 'तू' म्हणून माणसाला वेशीबाहेर ठेवतात, तिथं 'तुम्ही' म्हणूनही ठेवता येतं. तिनं मला विचारलं होतं, तूही सफाईतलाच का? मी म्हणालो, जवळजवळ. त्या दिवसापासनं आमचं 'त्यू' झालं.

३० जून २०२४ ला निवडणुकीच्या पहिल्या फेरीत परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा पक्ष पुढं गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एरवीसारखीच फरशी पुसत होती. म्हणाली, जिंकले तरी फरशी त्यांना पुसायची नाहीये. ७ जुलैच्या दुसऱ्या फेरीत डावी आघाडी पुढं आली. तिचा ठेका तोच राहिला.

तिथल्या प्रत्येक नगरपालिकेवर स्वातंत्र्य, समता, बंधुता कोरलेलं असतं. १९५४ साली आकाशवाणीवरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की हे तीन शब्द मी फ्रेंच क्रांतीकडनं उसने घेतलेले नाहीत, माझ्या गुरूकडनं, बुद्धाकडनं घेतलेत. तिथं राहून मला त्याचा अर्थ जरा जास्त कळला. दगडावर कोरलेली बंधुता सकाळी सहाला कामावर येत नाही. ती माणसालाच आणावी लागते.

तेव्हा दोस्तांनो, जा. नक्की जा. सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या मास्टरची फी २०१९ साली वर्षाला ३,७७० युरो ठरली, पण पुष्कळ विद्यापीठं सूट देतात. विचारून घ्या. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचे अर्ज अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी असतात. त्याचे नियम आधी वाचा, उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता आत्तापासनं काढून ठेवा. कुणी फुकट राबायला सांगितलं तर करार मागा. आणि गेल्यावर तिथली पहाटेची फरशी कोण पुसतं त्याचं नाव विचारा.

मी सध्या दर रविवारी म्हशाला असतो. अर्ज भरायचे असतील तर कागद घेऊन या. येताना शहापूरकडच्या पोरींनाही सांगा, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचत नाही.

जय भीम.