आत काय आहे?

मोकळे टेबल पाहिले की मला थोडा संशयच येतो. पाहुणे यायच्या वेळी कुठल्याही मध्यमवर्गीय घराची बाहेरची खोली अशीच निर्मळ दिसते. आणि पलंगाखाली वाकून पाहावे, तर वर्तमानपत्रे, चपला, मुलांची बॅट असे सगळे गोकुळ तिथे नांदत असते!

हल्लीच्या 'ऑल-इन-वन' संगणकाचे सौंदर्य मला याच जातीचे वाटते. एक काच, एक पाय, एक वायर. बस्स! आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या संसारात त्याचे मोल मी जाणतो. ज्या टेबलावर अभ्यास आणि वाटाणे सोलणे दोन्ही चालते, तिथे जुन्या संगणकाची पेटी आणि वायरींचा गुंता कोणाला हवा? तेव्हा माझी तक्रार साधेपणाबद्दल नाही. तो कुठे थांबतो, एवढेच मला पाहायचे आहे.

अ‍ॅपलचे घराणेच घ्या. 1984 सालच्या मॅकिंटॉशमध्ये नऊ इंची पडदा आणि यंत्र एकाच पेटीत होते. 1998 साली आयमॅक आला. त्याचे निळसर अंग असे अर्धपारदर्शक, की आतल्या यंत्राची सावली बाहेरून दिसावी. माथ्यावर एक मूठ होती. ते धूड काही पिशवीसारखे मिरवायचे नव्हते. पण जॉनी आइव्ह या रचनाकाराचा हिशेब निराळा होता. मूठ दिसली की माणसाचा हात आपोआप पुढे होतो, आणि हात लावला की भीती मोडते. किती शहाणपणाची गोष्ट! 2002 साली त्याच यंत्राला अर्धगोल बैठक आणि लवती मान मिळाली. लोकांना सूर्यफूल आठवले. 2004 साली सारे यंत्र पडद्यामागे जाऊन लपले.

मग सुरू झाले बारीक होण्याचे वेड. 2012 साली कडा अवघी 5 मिलिमीटर झाली आणि सीडीचा कप्पा गेला. पाठीमागे मधोमध पोट होतेच म्हणा, पण समोरून फोटो काढला की ते कोणाला दिसते? 2021 साली पोटही गेले. जाडी सरसकट 11.5 मिलिमीटर. त्यासाठी वीज पुरवणारा ठोकळा बाहेर काढून जमिनीवर ठेवावा लागला. आले ना पलंगाखालचे गोकुळ? हेडफोनची पिन यंत्राच्या जाडीपेक्षा लांब ठरली, म्हणून तिचे भोक पाठीऐवजी कुशीत गेले.

याचे हसू येते. खरा सल निराळा आहे. आमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबाही 'ऑल-इन-वन'च. पण हळद संपली की तेवढी वाटी काढून भरता येते. 2012 नंतरच्या आयमॅकची काच चिकटवलेली असते, आणि 2021 पासूनच्या यंत्रात स्मृती मुख्य चिपबरोबरच बसवलेली, ती मागाहून वाढवता येत नाही. मेंदू म्हातारा झाला तरी पडदा तरणाताठा राहतो आणि बिचारा त्याच्याबरोबर सती जातो! 2009 पासून काही वर्षे निघालेल्या काही आयमॅकना दुसऱ्या यंत्राचा पडदा म्हणून राबता येत असे. पुढे ती सोयही काढून टाकली. अंगावरची एखादी रेघ कमी करणे मला समजते. हे कमी करणे समजत नाही.

आमच्या जुन्या संगणकाच्या पेटीला बाजूला दोन स्क्रू होते. दर दिवाळीला ते काढून मुलगी आतली धूळ ब्रशने झाडायची. पंखा कुठला, तबकडी कुठली, हे ती तिथेच शिकली. कोणी शिकवले नाही.

आता तिची मुलगी आली आहे, वय वर्षे सात. नव्या यंत्राच्या मागे जाऊन तिने स्क्रू शोधले. एकही दिसला नाही. "आजोबा, याच्या आत काय आहे?" तिने विचारले. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तोवर तिने त्याच्या पाठीवर टकटक केले आणि कान लावला.