पडद्यावर काय जाऊ द्यायचं
सभागृहातला प्रोजेक्टर जुना असला की मला उलट बरं वाटतं. निळ्या तोंडाची व्हीजीए केबल, १५ पिना, दोन्ही बाजूंना स्क्रू. १९८७ सालची ही सोय. एकदा पिळून बसवली की कुणाचा पाय अडकला तरी सुटत नाही. (लॅपटॉपच खाली येतो, ते वेगळं.) एचडीएमआय सुटसुटीत, आवाजही नेते, पण जरा ओढ बसली की चित्र गायब. केबल जोडताच प्रोजेक्टर आपल्याला झेपणारं रिझोल्यूशन लॅपटॉपला कळवतो. त्यांची ही आपसातली बोलणी मला आवडतात. मग विंडोजचं बटण आणि पी. बहुतेक जण सवयीने ‘डुप्लिकेट’ निवडतात. मी ‘एक्स्टेंड’वाली. टिपणं माझ्यापुढे, लोकांपुढे फक्त स्लाइड. मावशीचा व्हॉट्सॲपवरचा निरोप सगळ्या सभेने कशाला वाचायचा?