वजनाचे तिकीट

त्या मुलाला वजनाशी काही देणेघेणे नव्हते. त्याला तिकीट हवे असे.

२००५ च्या सुमारास ठाणे स्थानकात आजोबांबरोबर गाडीची वाट पाहताना त्याचे डोळे फलाटावरच्या रंगीत वजनयंत्राकडे लागत. काचेआड लुकलुकणारे दिवे आणि गरगर फिरणारी तबकडी. यंत्रावर उभे राहायचे, तबकडी थांबेपर्यंत धीर धरायचा, मग नाणे टाकायचे. आत खडखडाट होई आणि जाड पुठ्ठ्याचे इवलेसे तिकीट खाली पडे : एका बाजूला सिनेनटाचे चित्र, दुसऱ्या बाजूला वजन आणि भविष्याची एक ओळ. उभे आजोबा राहत. तिकीट नातवाचे होई. शाळेत एकाच नटाची दोन तिकिटे देऊन नवा नट मिळवता येई.

नाणे टाकून वजन पाहण्याची यंत्रे पाश्चात्त्य देशांत १८८० च्या दशकात आली. तिकिटाचे घराणे त्याहून जुने. पुठ्ठ्याचे रेल्वे तिकीट टॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आणले आणि संगणक येईपर्यंत भारतीय प्रवाशांच्या खिशात तेच असे. वजनाचे तिकीट त्याचे धाकटे भावंड शोभे. खुर्च्या मांडून केलेल्या आगगाडीत ते बिनदिक्कत चाले.

यंत्राचा जीव नाण्याच्या आकारात होता. २०११ मध्ये रुपयाचे नाणे २५ मिलिमीटरवरून सुमारे २२ वर आले, पावली त्याच वर्षी चलनातून गेली. तोवर घरोघरी वजनकाटेही आले होते.

मुलाची तिकिटे बिस्किटांच्या डब्यात राहिली. आजोबा गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर, त्याने ती प्रथमच उलटी करून वाचली. ६३, ६१, ६१, ५८, ५४, ५१. एकाही तिकिटावर तारीख नव्हती. क्रम त्याने आकड्यांवरूनच लावला. साधनचिकित्सेत ही पद्धत मान्य होणार नाही, हे त्याला ठाऊक होते. पण आजोबांचे दुखणे घरात कळले ते बरेच उशिरा, आणि त्याआधीचे वर्षभर त्यांचा सदरा सैल दिसत होता, एवढे सर्वांना आठवत होते.

५१ च्या तिकिटावर उत्तम आरोग्याचे भाकीत आहे. त्यावरचा नट मुलाकडे आधीच होता. म्हणून त्या दिवशी त्याने हट्ट धरून आजोबांना पुन्हा एकदा यंत्रावर उभे केले होते.